खिळ्यावाचून उभी असलेली घरे

बेळगावहून जांबोटी, कणकुंबी आणि चोर्ल्याचा घाट या मार्गाने गोव्याला जाणारा प्रवासी सहसा डोंगर, धबधबे आणि धुके पाहत जातो. ती शोभा पाहण्याजोगी आहे, यात संशय नाही. परंतु या रस्त्याच्या दोन्ही अंगांना जी जुनी घरे अद्याप तग धरून आहेत, त्यांच्यापुढे क्षणभर थांबणारे फार थोडे. वाचकहो, आज मी तुम्हांला त्याच वाटेने नेणार आहे. मात्र डोंगरांकडे पाठ करून आणि घरांच्या चौकटींकडे तोंड करून. खांब तुळईला कसा भेटतो, दार उंबऱ्यात कसे फिरते, फळी फळीला कशी धरते, एवढेच पाहत आपण घाट उतरू.

प्रथम या प्रदेशाचे पाणी समजून घेतले पाहिजे. कणकुंबीच्या माउलीच्या देवळाजवळ मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेकडे वाहत जाऊन कृष्णेला मिळते. त्याच खानापूर तालुक्याच्या रानात उगम पावणारी म्हादई मात्र पश्चिमेची वाट धरते आणि गोव्यात मांडवी हे नाव घेऊन अरबी समुद्राला मिळते. दोन समुद्रांचे पाणी जेथे वाटले जाते, तेथे पाऊस किती असेल याची कल्पना करावी. जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंती ओल्या, कपडे दमट आणि पुस्तकांना बुरशी. पुढे फाल्गुन-चैत्रात पूर्वेचा कोरडा वारा सुटला की त्याच घरातले लाकूड इतके वाळते की रात्री तुळया कडकड वाजतात. लहान मुले भितात. म्हातारी माणसे कूस बदलून पुन्हा झोपी जातात.

तो आवाज लाकडाच्या श्वासाचा होय, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. झाड तोडले तरी लाकडाचा पाण्याशी असलेला संबंध तुटत नाही. हवेत ओल वाढली की ते फुगते, ओल ओसरली की आकसते. हे फुगणे-आकसणे सर्व दिशांनी सारखे नसते. लांबीच्या दिशेने ते जवळजवळ नसतेच. रुंदीत मात्र ते चांगलेच जाणवते; आणि त्यातही वाढीच्या वलयांच्या अंगाने ते जितके असते, त्याच्या सुमारे निम्मेच वलयांना छेदून जाणाऱ्या दिशेने असते. आपल्याकडचे सुतार इंचाचे आठ भाग करतात व त्या एका भागाला सूत म्हणतात. सागवानाची बारा इंच रुंदीची फळी भर पावसाळ्यात आणि भर उन्हाळ्यात मोजली, तर एखाद-दुसऱ्या सुताचा फरक पडतो. हा एवढासा फरक ज्याने ध्यानात घेतला नाही, त्याचे दार श्रावणात अडते आणि शिमग्यात खिळखिळे होते. ज्याने तो ध्यानात घेतला, त्याचे दार नातवंडांच्या हाती पडते. आपल्या जुन्या सुतारांची सारी विद्या या एका सुताभोवती फिरते.

आता घराकडे वळू. जांबोटीच्या पुढे रस्त्यापासून थोडे आत गेले की मातीच्या भिंतींची, उतरत्या कौलारू छपरांची घरे दिसतात. पाहणाऱ्याला वाटते, भिंतींनी छप्पर उचलून धरले आहे. वस्तुतः जुन्या मोठ्या घरांत तसे नसते. घडीव दगडाच्या तळखड्यावर खांब उभा असतो, म्हणजे त्याचा पाय ओल्या जमिनीला लागत नाही. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर माळ्याच्या फळ्या. आणि सर्वांच्या वर आढे, वासे व रिपा. भिंत ही या सांगाड्याच्या मधली भर. ती उन्हापावसाला अडवते. घराचा भार मात्र लाकूड वाहते. खांब-तुळयांना साग, ऐन, किंजळ किंवा जांभा. दारे-खिडक्यांना साग किंवा फणस. आणि घरातील मानाच्या वस्तूला शिसव, अशी निवड सामान्यतः दिसते. फणसाचे लाकूड नवे असताना हळदीसारखे पिवळे असते व वर्षे लोटतील तसे तांबूस-तपकिरी होत जाते. त्यामुळे जाणता माणूस दाराच्या रंगावरूनच त्याच्या वयाचा अदमास बांधतो.

या भागात एका वृद्ध मिस्त्रींशी माझा गेल्या काही वर्षांचा परिचय आहे. त्यांची हत्यारांची लाकडी पेटी मी उघडलेली पाहिली आहे. तिच्यात वाकस, करवत, लहान-मोठे रंधे, पटाशी, किकरे, सामता, मोगरी, गुण्या, ओळंबा आणि कानस, एवढी मंडळी शेजारी शेजारी निजलेली असतात. वाकसाचे पाते दांड्याला आडवे असते. त्याने ओबडधोबड ओंडका तासून चौरस करायचा. रंध्याने पृष्ठभाग साफ करायचा. पटाशी रुंद धारेची, ती खाचेच्या कडा सरळ करते. किकरे अरुंद पण जाड अंगाचे, ते मोगरीचे घाव सोसून खोल खोबण खणते. सामता म्हणजे टोकाला पोलादी पाते बसवलेला लाकडी दांडा. त्याला धनुष्याच्या दोरीचा वेढा देऊन धनुष्य पुढे-मागे ओढले की तो गरगर फिरतो आणि भोक पाडतो. विजेच्या यंत्राने जे काम क्षणात होते, त्याला येथे थोडा वेळ लागतो. परंतु लाकूड मऊ लागले की टणक, हे हाताला आधीच कळते.

कामाला बसण्याची पद्धतही पाहण्यासारखी आहे. युरोपीय सुतार उंच बाकापुढे उभा राहून काम करतो. आमचे मिस्त्री जमिनीवर बसतात आणि तळपायांनी लाकूड दाबून धरतात. पायाचा अंगठा हाच त्यांचा शेगडा. त्यांची करवतही तशीच. इंग्रजी करवत पुढे रेटताना कापते, आपली जुनी करवत अंगाकडे ओढताना कापते. बसलेल्या माणसाला रेटण्यापेक्षा ओढणे सोपे जाते आणि ओढताना पात्याला ताण बसल्यामुळे ते पातळ असले तरी वाकत नाही. एका देशाचे बसणे-उठणे त्याच्या हत्यारांत कसे उतरते, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही.

आता सांध्याकडे येऊ. सर्व सांध्यांचा मूळपुरुष म्हणजे कुसू आणि खोबण. एका लाकडाचे टोक दोन्ही बाजूंनी कापून मध्ये जीभ ठेवायची, ते कुसू. दुसऱ्या लाकडात तेवढेच चौकोनी भोक खणायचे, ती खोबण. कुसवाची जाडी साधारणतः लाकडाच्या जाडीच्या एक तृतीयांश ठेवतात. त्याहून जाड केले तर खोबणीचे गाल दुबळे होतात, पातळ केले तर कुसूच मोडते. जीभ आत गेली की सांधा बसला, असे मात्र नाही. तो ओढून धरण्यासाठी खुंटी लागते, आणि खरे कौशल्य त्या खुंटीत आहे.

मिस्त्री प्रथम खोबणीच्या दोन्ही गालांतून आरपार भोक पाडतात. मग कुसू आत घालून त्यावर भोकाची खूण करतात व ते पुन्हा बाहेर काढतात. कुसवातले भोक मात्र त्या खुणेवर न पाडता अर्धे सूत खांद्याच्या बाजूला सरकवून पाडतात. आता पक्क्या वाळलेल्या टणक लाकडाची निमुळती खुंटी ठोकली की ती वाट काढताना कुसवाला आतल्या बाजूस खेचते आणि दोन्ही लाकडांचे खांदे एकमेकांना घट्ट भिडतात. खिळा ठोकला तर तो लाकडाचे तंतू फाडून जागा करतो. दमट हवेत त्याला गंज चढतो, गंज फुगतो, आणि खिळ्याभोवतीचे लाकूड काळे पडून भुसभुशीत होते. खुंटी ही लाकडाचीच. ती सांध्याबरोबर फुगते आणि सांध्याबरोबर आकसते.

एकदा मी त्यांना विचारले, “मिस्त्री, सांधा जितका घट्ट तितका चांगला, असेच ना?”

ते हसून म्हणाले, “नाही फादर. लाकडाला कोंडलं की ते फुटतं. त्याला अंग हलवायला जागा ठेवायची. पळून जायला नाही ठेवायची.”

हे वाक्य प्रत्यक्षात पाहायचे असेल, तर चौकटीत बसवलेल्या फळीचे जुने दार पाहावे. भोवतालच्या चार पट्ट्या कुसू-खोबणीने पक्क्या बांधलेल्या असतात. त्यांच्या आतल्या कडेला खाच असते आणि मधली रुंद फळी त्या खाचेत नुसती सरकवलेली असते. तिला खुंटी नाही, सरस नाही. पावसाळ्यात ती खाचेत आतवर शिरते, उन्हाळ्यात किंचित बाहेर येते. चौकट हलत नाही, फळी फुटत नाही. पेटाऱ्याचे कोपरे पाहावेत: तेथे एका फळीचे दात पारव्याच्या पसरट शेपटीसारखे कापलेले असतात व ते दुसऱ्या फळीच्या तशाच खाचांत उतरतात. भरलेली पेटी ज्या दिशेने फुटायला पाहते, त्या दिशेने तो सांधा निघूच शकत नाही. तुळई लांबीला अपुरी पडली तर दोन तुकड्यांची टोके तिरपी कापून, एकमेकांत अडकवून, मध्ये पाचर मारून ती एक करतात, आणि असा जोड खांबाच्या डोक्यावर येईल असे पाहतात, म्हणजे त्यावर अधांतरी भार पडत नाही.

फार जुन्या घरांत आणखी एक नवल दिसते. त्यांच्या दारांना बिजागरीच नसते. दाराच्या एका कडेचे वरचे व खालचे टोक गोल तासलेले असते. खालचे उंबऱ्यातल्या खळग्यात व वरचे चौकटीच्या भोकात बसते. दार त्यावर फिरते. आतून बंद करायला भिंतीतल्या पोकळीतून सरकणारा लाकडी अडसर. त्या दाराला लोखंडाचा स्पर्श नसला तरी चालते.

घाट उतरून केरी, साखळी, डिचोली अशी गावे मागे टाकत आपण गोव्यात शिरलो की बिजागरीचा विषय अधिक मनोरंजक होतो. कारण बिजागरी हा शब्दच पोर्तुगीज ‘बिसाग्रा’पासून आलेला आहे. कौलांखालची रीप पोर्तुगीज ‘रिपा’पासून, चावी ‘शाव्ही’पासून, आणि ज्यांच्या हातात ही सारी कामे, ते मिस्त्री, कोंकणीत मेस्त, ‘मेस्त्र’ म्हणजे गुरू या शब्दापासून. आशियाई भाषांत पसरलेल्या अशा पोर्तुगीज शब्दांचा मोठा शोध आसगाव येथे १८५५ साली जन्मलेले गोमंतकीय धर्मगुरू मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांनी घेतला व तो ग्रंथ १९१३ साली प्रसिद्ध केला. कुसू, खोबण, पाचर, खुंटी हे शब्द मात्र घरचेच राहिले. लोखंडी जोड बाहेरून आला, तो आपले नाव घेऊन आला. लाकडाचा जोड येथे आधीपासूनच होता.

गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांत तो एका अनपेक्षित रूपात भेटतो. काच दुर्मीळ होती त्या काळी तावदानाला चपट्या, अर्धपारदर्शक शिंपा लावीत. जुवारी नदीच्या मुखाजवळ चिखलीच्या खाडीत या जातीचे शिंपले आजही आढळतात. शिंप चौकोनी कापून ती लाकडाच्या बारीक पट्ट्यांच्या खाचांत सरकवीत. एखादी फुटली तर तेवढीच काढून दुसरी बसवता येई. भर दुपारी अशा खिडकीआड बसले असता उजेड दुधासारखा मऊ होऊन आत येतो. दाराची फळी आणि खिडकीची शिंप, दोहोंमागचा विचार एकच: चौकट पक्की असावी, आणि आतले नाजूक अंग मोकळे असावे.

जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या बॅसिलिकेत भाविकांची व प्रवाशांची गर्दी नित्य असते. त्या इमारतीचे काम १५९४ साली सुरू झाले आणि १६०५ साली तिचा अभिषेक झाला. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन घेऊन परतताना सॅक्रिस्टीच्या कोरीव लाकडी दाराकडे अवश्य पाहावे. सर्वांचे डोळे नक्षीवर जातात. तुम्ही मात्र नक्षीच्या कडेला, उभी व आडवी पट्टी जेथे मिळते तेथे पाहा. तेथून हाकेच्या अंतरावर सांता मोनिकाच्या मठात ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे. ते प्रथम १९९४ साली राशोलच्या सेमिनरीत उघडले व २००२ साली येथे आणले गेले. तेथील लाकडी मूर्तींवर आणि वस्तूंवर येथल्या कारागिरांचा हात स्पष्ट दिसतो. गोव्यातील चर्चमधले काम करणाऱ्यांत ख्रिस्ती सुतार होते तसे हिंदू सुतारही होते. मंदिराचा खांब आणि वेदीची चौकट यांत नक्षी वेगळी असेल. कुसवाची एक तृतीयांश जाडी तीच.

हे सारे मी केवळ कौतुकासाठी लिहीत नाही. ही घरे झपाट्याने जात आहेत, आणि ती कशी जातात हे मी जवळून पाहिले आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये बेळगाव जिल्ह्यात अतिवृष्टी झाली, तेव्हा खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागातील माझ्या परिचयाच्या एका कुटुंबाच्या घराची पावसाकडची भिंत रात्रीतून बसली. दोन दिवसांनी मी तेथे गेलो. माती ढिगाने पडली होती, पण खांब, तुळया आणि छप्पर जसेच्या तसे उभे. घरात दोन भाऊ. थोरला गावी शेती करणारा, धाकटा पुण्यात नोकरीला. सिमेंटचे घर बांधायचे यावर दोघांचे एकमत होते, आणि ते गैरही नव्हते. दर पावसाळ्यात जीव मुठीत धरून कोणी राहावे? जुन्या लाकडाचा एक व्यापारी येऊन घनफुटाचा भाव सांगून गेला होता. त्यांची वृद्ध आई ओसरीवर बसून सर्व ऐकत होती. ती एवढेच म्हणाली, “भिंत पडली रे. घर कुठं पडलंय?”

व्यापाऱ्याची माणसे अशी घरे कशी पाडतात, हे वाचकांपैकी कित्येकांनी पाहिले असेल. यंत्राची करवत आणून प्रत्येक तुळई सांध्यापाशी कापतात. घनफुटाच्या हिशेबात सांध्याला किंमत नाही. खाचा, भोके, कुसवे असलेली टोके जळणाच्या ढिगात जातात, आणि मधले सरळ लाकूड तेवढे गाडीत चढते. म्हणजे ज्या जागी सुताराने सर्वांत अधिक बुद्धी खर्च केली, तीच जागा चुलीत जाते.

मी त्या वृद्ध मिस्त्रींचे नाव सुचवले. भावांनी मान्य केले, आणि २०२० च्या फेब्रुवारीत, लाकूड चांगले वाळले असताना, काम सुरू झाले. मिस्त्रींनी प्रथम खुंट्यांची निमुळती टोके शोधली व त्या उलट बाजूने ठोकून बाहेर काढल्या. पहिले कुसू खोबणीतून सुटले तेव्हा आतले लाकूड वरच्यासारखे काळवंडलेले नव्हते. सागाचा सोनेरी रंग तसाच होता. त्यावर पटाशीने मारलेल्या तीन खाचा होत्या, आणि खोबणीच्या कडेलाही तीन. पुढच्या सांध्यावर दोन्हीकडे चार. जमिनीवर करून पाहिलेला सांगाडा उभारताना गोंधळ होऊ नये म्हणून कोणा सुताराने घातलेले ते आकडे होते. थोरला भाऊ बराच वेळ त्या खाचांवरून बोट फिरवीत होता. मग त्याने पुण्याला फोन लावला व धाकट्याला म्हणाला, “पुढचा सोपा विकायचा नाही.”

चार दिवसांत घर सुटे होऊन अंगणात मांडले गेले. दोन खांबांचे पाय वाळवीने खाल्ले होते. तेवढा भाग कापून खाली नवे लाकूड जोडले. आज तेथे सिमेंटचे पक्के घर आहे, आणि त्याच्या पुढे जुन्या सहा खांबांचा सोपा व जुन्या चौकटीचे मुख्य दार. उरलेले लाकूड विकले, त्याचे पैसे भावांनी निम्मे-निम्मे घेतले. सर्व वाचले नाही; पण जे वाचले ते सांध्यासकट वाचले. ज्या घराचे सांधे उलगडता येतात, त्याची दुरुस्ती होऊ शकते व वाटणीही होऊ शकते. मिस्त्रींचा मुलगा मडगावकडे प्लायवूडची कपाटे बनवतो. बापाला त्याचा राग नाही. “पोट तिथं आहे,” ते म्हणतात. परंतु त्या चार दिवसांकरिता मुलगा रजा घेऊन आला होता, आणि खुंट्या त्यानेच काढल्या.

वाचकहो, तुमच्यापैकी अनेकांच्या घरी, मग ते खानापुरात असो, शहापुरात असो वा गोव्यात, असे एखादे दार, एखादे फडताळ, एखादा पेटारा असेलच. त्याकरिता चार साध्या गोष्टी सांगून ठेवतो. जुन्या चौकटीत खिळे ठोकू नका. सांध्यातली फट सिमेंटने किंवा जाड रंगाने बुजवू नका. ती फट बहुधा हेतुपुरस्सर ठेवलेली असते. खांबाच्या तळखड्याभोवती माती साचू देऊ नका, कारण वाळवी तेथूनच चढते. कपाटाचा खण पावसात अडू लागला तर त्याच्या कडांना मेणबत्तीचा तुकडा घासा. आणि श्रावणात दार अडू लागले, तर लगेच रंधा मारायला कोणाला बोलावू नका. फुगलेल्या दाराचे जे लाकूड आज तासून टाकाल, ते दिवाळीनंतर परत आणता येत नाही. पाऊस सरेपर्यंत थांबा. तोवर दार थोडे उचलून लावा. नोव्हेंबरात ते बहुतेक वेळा आपोआप सुरळीत फिरू लागते.